बुलबुलाच्या पायातला केस

चाळीस वर्षांत किती डोकी भादरली ते काकांना सांगता आलं नसतं, पण कान एकच कापला होता, आणि तो नेमका निवृत्त हेडमास्तरांचा निघाला.

कापला म्हणजे काय, पाळीला कात्रीचं टोक लागलं, तिळाएवढं रक्त आलं, तुरटी फिरवली, थांबलं. पण हेडमास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांचे कान पिळलेले. आपल्यालाही कान आहेत हे त्यांना त्याच दिवशी कळलं. आरशात बघत ते म्हणाले, "काका, हात थरथरतोय तुमचा." आणि दुसऱ्या दिवसापासून काकांचा हात खरोखरच थरथरायला लागला.

दुकानात खुर्च्या दोन. एक काकांची, एक धाकट्या लेकीची. लेक बापाहून सवाई, कात्रीतही आणि जिभेतही.

"बाबा, तुम्ही आता टॉवेलांच्या घड्या घाला. महिनाअखेरीला तुमची खुर्ची हलवू. तिथे डोकं धुवायचं बेसिन बसतंय."

"आणि मी कुठे बसतोय?"

"घरी. आईजवळ."

ही शिक्षा किती मोठी, हे काकूंना ओळखणाऱ्यालाच कळेल.

काका मुकाट्याने घड्या घालू लागले. कात्री हवेत दोनदा कचकच वाजवून मगच केसाला लावायची, ही त्यांची जुनी सवय. ती कचकचही बंद झाली. विरंगुळा एकच उरला, बुलबुल. काकांच्या खुर्चीवरच्या बंद पडलेल्या दिव्याच्या टोपीत एका जोडप्याने घरटं मांडलं होतं. झरोक्यातून ये-जा चाले. सकाळी नर झरोक्यात बसून अशी शीळ घाली, की गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडानेच पेंगायचं. काकांचं त्याच्याबद्दलचं मत धंद्यातल्या माणसाचं होतं. "तुरा बघा. तेल नको, कंगवा नको, आणि कधी मोडत नाही. फक्त बसताना बघून बसायला हवं होतं." बुडाखाली लाल ठिपका असा, की स्वारी नुकत्याच रंगवलेल्या बाकावर टेकून आलेली.

घरट्याला अस्तर म्हणून काका खालचे केस उचलून झरोक्यात ठेवत. एकदा एका मुलीने कमरेपर्यंतची वेणी कापून घेतली. असा माल रोज थोडाच येतो? काकांनी हातभर लांबीचे रेशमी केस निवडून ठेवले. मादीने एकेक करून बरेचसे नेले. घर आपणच बांधून दिल्यासारखे काका आठवडाभर छाती काढून हिंडले.

पिल्लं झाली तीन. पंख फुटले, आणि एका सकाळी दोघं भुर्रकन झरोक्यात जाऊन बसली. तिसरं उडालं आणि टोपीखाली उलटं लोंबकळलं. पायाला केसाचा फास बसला होता. त्याच रेशमी केसाचा.

मादीने दुकान डोक्यावर घेतलं. लेकीच्या खुर्चीत अर्धवट भादरलेले हेडमास्तर उठून उभे राहिले. लेक झुरळाला चपलेने चिरडणारी, पण फडफड ऐकली की भिंतीला चिकटणारी.

"बाबा, मला नाही जमणार. पाय काडीएवढा आहे त्याचा."

"मीच आणून दिला तो केस," काका म्हणाले, आणि मिशांची बारीक कात्री घेऊन आपल्या खुर्चीवर चढले.

हेडमास्तरांनी खुर्ची घट्ट धरली. "मी धरलीय. फक्त पायाकडे बघा. कानाचा विचार नको."

काकांनी डाव्या मुठीत पिल्लू घेतलं. त्याचं काळीज अंगठ्याला धडधड धडका देत होतं. केसाचे तीन वेढे मांसात रुतलेले. कात्री जरा घसरली की पायच गेला. उजवा हात उचलला तो थरथरतच. आणि मग त्यांच्याही नकळत कात्री हवेत वाजली. कच, कच.

हाताची थरथर थांबली. सगळं दुकान थांबलं.

एक वेढा तुटला. दुसरा. तिसऱ्याला काकांनी श्वास रोखला. पिल्लाची मिटलेली बोटं हळूच उलगडली आणि त्यांनी काकांचं बोट गच्च धरलं.

काकांनी त्याला झरोक्यात ठेवलं. ते धडपडलं, सावरलं, दोन्ही पायांवर उभं राहिलं. आईने किडा आणून चोचीत कोंबला, वर दोन शब्द सुनावलेही असावेत. मग चौघं बाहेरच्या झुडपात दिसेनाशी झाली.

काका खाली उतरले तेव्हा त्यांचे पाय लटलटत होते. हात नाही.

हेडमास्तर गळ्यातल्या चादरीसकट लेकीच्या खुर्चीकडे न वळता काकांच्याच खुर्चीत बसले.

"उरलेली बाजू तुम्ही करा. हा कान अजून शाबूत आहे."

काकांनी लेकीकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "बेसिन तिकडे मावेल. मी मोजलंय."

"कधी मोजलंस?"

"आत्ता. नजरेने."

"जरा थांबा हं, मास्तर," काका म्हणाले. त्यांनी झरोक्यात उरलेले लांब केस गोळा केले, बोटभरही लांबी उरणार नाही असे कातरून केराच्या डब्यात टाकले, आणि मग हेडमास्तरांच्या कानापाशी कात्री नेऊन हवेत दोनदा वाजवली.

हेडमास्तरांनी डोळे मिटले.