कुठवर आलंय?

दगड उलटला की आधी एक पाऊल मागं घ्यायचं आणि मगच वाकायचं, हे पाझर तलावाच्या कामावर आलेल्या बायका पहिल्याच आठवड्यात शिकल्या. बहात्तर सालचा पाऊस आलाच नाही. पाथर्डीच्या बाजूची शेतं उघडी पडली आणि गावंच्या गावं सरकारी कामाला लागली. ज्या माळावर पिढ्यान् पिढ्या कुणी दगडाला हात लावला नव्हता, तिथं आता शेकडो हात लागत होते. दगडांखाली मात्र आधीपासूनच वस्ती होती.

विंचू चावला की एकच हाक उठे, "गोजरमावशीला बोलवा!"

गोजरबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि लिंबाचा डहाळा घेऊन चावलेल्या माणसासमोर मांडी घालून बसायची. तो हातपाय झाडत असायचा. त्याला ती गप बस म्हणायची नाही. विचारायची, "कुठवर आलंय?"

"मेलो की गं मावशे!"

"मेलेलं मानूस बोलत न्हाई. कुठवर आलंय त्ये सांग."

"खांद्यापोत."

"खांद्याच्या वर हाय का खाली? डोळं मीट आन आतून बघ."

आत बघायचं तर ओरडणं थांबवावं लागे. डहाळा खांद्यावरून कोपराकडे फिरायचा आणि प्रश्न चालू राहायचे. ठणका सुईसारखा आहे की निखाऱ्यासारखा? कडेला आहे की मधोमध? श्वास घेतल्यावर वाढतो की सोडल्यावर? कोपर, मनगट, बोटाचं पेर. हळूहळू ठणका बोटाच्या टोकाला येऊन बसायचा आणि माणूस प्यायला पाणी मागायचा.

लोकांना वाटे, ती मनात मंत्र म्हणते. गोजरबाईकडे मंत्र नव्हताच. तो तिच्या आईकडे होता. ग्रहणात द्यायचा म्हणून आईनं राखून ठेवला आणि ग्रहण लागायच्या आधी आई गेली. लेकीकडे उरला तो एवढा प्रश्न. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

न सांगितलेली आणखी एक गोष्ट होती. इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू. ती चावली की माणूस रात्रभर बोंबलतो आणि सकाळी कामावर येतो. तांबडा विंचू लहान. त्याचा ठणका कधी कधी हां हां म्हणता उतरतो. माणूस निवांत होतो आणि मग त्याला दरदरून घाम सुटतो.

होळीच्या आधी सहादेवला तांबडा चावला होता. त्याचा ठणका इतक्या लवकर उतरला की लोक चाट पडले. "मावशीनं झाडलंबी न्हाई, नुसतं बघितलं," असं हसत म्हणून सहादेव आपल्या पायांनी घरी गेला आणि दिवस मावळायच्या आत संपला. ऊन लागलं, असं गावानं ठरवून टाकलं. तेरावं झाल्यावर त्याची बायको लंकाबाई पुन्हा कामावर आली. गोजरबाईच्या शेजारी बसून भाकरी खायची. त्यानंतर कुणाला विंचू चावला की गोजरबाई दंडाआधी कपाळ बघायची. बोलली मात्र कधीच नाही.

चैत्रात ती स्वतःच सापडली. दगड उलटला होता तिच्या सुनेनं, विजयमालानं. विजयमाला मागं सरली, पण पाटी भरायच्या घाईत गोजरबाई सरळ वाकली. उजव्या हाताची करंगळी. शेपूट वर धरून एक लहानसा तांबूस जीव शेजारच्या दगडाखाली शिरताना तिनं पाहिला.

विजयमाला चौथी शिकलेली, सासूच्या डहाळ्याला हसणारी. "आत्या, आता तुमचा तुमीच मंतर म्हना," ती म्हणाली, पण आवाज फाटला होता.

सिमेंट आणायला ट्रक नगरला निघाला होता. गोजरबाई म्हणाली, "मला त्यात घाला."

मुकादम आबासाहेब हसला. "मावशी, तुमीच दवाखान्यात निघाल्या तर आमी कुनाकडं जायाचं?"

भोवतीची माणसंही हसली. ती ट्रककडे चालू लागली. दोन्ही बाजूंनी धरायला विजयमाला चढली आणि लंकाबाई चढली.

ट्रकचा पत्रा तापला होता. ठणका दंडात उसळ्या मारत होता.

"इचार," गोजरबाई म्हणाली.

"काय इचारू?"

"ठावं हाय तुला."

विजयमालानं इकडंतिकडं पाहिलं. "कुठवर आलंय?"

"बगलंत."

दुसऱ्याला विचारणं सोपं होतं, हे गोजरबाईला तेव्हा कळलं. आत बघायला गेलं की मन उडी मारून दवाखान्यात जाई, तिथून मसणात जाई. ती त्याला पुन्हा बगलेत आणून बसवी. बगलेत निखारा. त्याच्या कडेला मुंग्या. मुंग्यांच्या खाली काहीच नाही. खड्ड्यात ट्रक आदळला की पुन्हा पहिल्यापासून. सून विचारत राहिली. दंड, कोपर, मनगट. आणि करंजी गाव यायच्या आत करंगळीसुद्धा गप झाली.

घाट चढण्याआधी ड्रायव्हर कानिफनाथनं इंजिनात पाणी घालायला गाडी थांबवली. "कसं हाय, मावशी?"

"उतरलं की!" विजयमाला म्हणाली. "करंगळीतबी न्हाई म्हनत्यात."

"मंग नगरला काय लुगडं घ्यायला जायाचं? मागनं यष्टी येतीय माघारीची. उतरा हितंच. आर्धी हजेरी तर घावंल."

विजयमालाचा एक पाय फळकुटावर गेलासुद्धा.

गोजरबाई पुन्हा आत गेली. या वेळी हाताकडे वळली नाही. कपाळ ओलं होतं. पाय तापल्या पत्र्यावर असून गार होते. काळीज सापडलेल्या पाखरासारखं फडफडत होतं, आणि श्वास बरगड्यांच्या अलीकडेच अडून माघारी फिरत होता. मग भीती आली. तिलाही तिनं विचारलं, कुठवर आलीस? नरड्यापर्यंत. वर की खाली? खाली. ती तिथंच थांबली. गेली नाही, पण वरही चढली नाही. तेवढ्या जागेत बोलता येत होतं.

समोर लंकाबाई तिचे पाय मांडीवर घेऊन बसली होती.

"न्हाई उतरलं," गोजरबाई म्हणाली. "नुसता ठनका गेलाय. सहादूचाबी आसाच गेल्ता."

कानिफनाथच्या हातातला डबा तसाच राहिला. पायांवर फिरणारे लंकाबाईचे हात थांबले.

"तुला ठावं हुतं?"

"त्या वक्ताला न्हाई. सांजंला कळलं."

"आन मला सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

इंजिनात पाणी खदखदत होतं. लंकाबाईनं पाय मांडीवरून काढून पत्र्यावर ठेवले.  मग ड्रायव्हरवर खेकसली, "कानिफ, बघतूस काय? हाक गाडी!"

पहिल्या वळणावर गोजरबाईला ओकारी झाली. विजयमाला रडायला लागली, तिच्यानं विचारणं होईना. तेव्हा लंकाबाई पुढं सरकली आणि गोजरबाईची हनुवटी धरून तिनं तोंड आपल्याकडे वळवलं.

"कुठवर आलंय?"

आवाजात माया नव्हती. पंचासमोर साक्ष घ्यावी तसा प्रश्न होता. टाळता येत नव्हता, म्हणून गोजरबाई आत बघत राहिली. "छातीत." थोड्या वेळानं पुन्हा, "कुठवर?" "हितंच. छातीत." वळणावळणाला लंकाबाई विचारत होती. नगरची पहिली घरं दिसली तेव्हा उत्तर देण्याइतका श्वास उरला नव्हता. गोजरबाई नुसतं बोट दाखवत होती.

ती वाचली. पुढं चढणीवर पाटी नेताना मात्र तिला मधेच बसावं लागायचं. लंकाबाई भाकरी दुसरीकडे बसून खायला लागली.

विंचू चावला की गोजरबाई आता आधी म्हणायची, "गाडी बघा," आणि मगच मांडी घालायची. हे लोकांना रुचलं नाही. एका बांधापलीकडे डोंगराकडचा गहिनीनाथ कामाला आला होता. तो मोठ्यानं मंत्र म्हणायचा, गाडी मागायचा नाही, आणि ठणका गेला की "गेलं इख!" म्हणून हाळी द्यायचा. हाक आता त्याच्या नावाची उठू लागली. ती ऐकू आली की गोजरबाई पाटी खाली ठेवून त्या दिशेनं बघत उभी राहायची.

वैशाख लागला होता. माळावरचे निम्मे दगड अजून उलटायचे होते.