मोडीत निघालेला सूर्य

दहिसरच्या नाक्यावर पितळेची मोड घेणारा एक माणूस आहे. भांडं हातात आलं की तो आधी नखानं टिचकी मारतो, मान कलती करून ऐकतो आणि मगच भाव सांगतो. बोलणं तुटक, शेवटी ठरलेलं "काय समजला?"

परवा चेपलेली कळशी घेऊन गेलो. तो ती ठोकत असताना मी सहज ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरच्या सूर्यदेवाची गोष्ट सांगितली. दहा मजल्यांएवढा ब्राँझचा पुतळा. भूकंपात गुडघ्यातून मोडला, शेकडो वर्षं तसाच पडून राहिला आणि शेवटी कुणा व्यापाऱ्यानं तुकडे करून उंटांवरून नेला.

त्याचा हातोडा थांबला.

"देव मोडीत घेतला?"

"असं म्हणतात."

"मी पण घेतो. लोक फडक्यात बांधून आणतात. पण तोडत नाय. काय समजला?"

त्यानं कोपऱ्यातल्या पिंपाचं झाकण काढलं. आत देवच देव होते. अगदी वर आमचा बाळकृष्ण होता, रोज घासून नाक सपाट झालेला, गुडघ्याला डाग दिलेला.

घर बदलताना तो मनोरीच्या खाडीत सोडला, असं दादानं सांगितलं होतं. आई अजून रोज खाडीच्या दिशेनं हात जोडते.