पालथी नक्षी

फेज शहरात भिंतीला टाइल्सची नक्षी बसवणारे कारागीर पुष्कळ आहेत, पण मालेम म्हणवणाऱ्या उस्ताद थामीएवढ्या बढाया त्यांच्यात कुणी मारत नाही. त्याच्या बहुतेक बढाया खऱ्या ठरतात, हाच खरा वैताग.

इथे नक्षी तुकड्यातुकड्याने भिंतीवर चढवत नाहीत. छिन्नीने घडवलेले तारे नि पट्ट्या जमिनीवरच पालथ्या मांडायच्या, झिलई खाली, कोरी माती वर. फटींत कोरडी भुकटी झाडून पाणी शिंपडायचं, वर गिलावा ओतायचा, आणि सगळं घट्ट झालं की अख्खा तक्ता उचलून भिंतीला लावायचा. तोवर रंग फक्त मांडणाऱ्याच्या डोक्यात असतात.

हल्ली थामीला जिन्याच्या पायऱ्याही धूसर दिसत. बायको रकिया डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती.

"पालथ्या कामाला डोळे कशाला लागतात गं?"

"काल ऑलिव्हवर मीठ म्हणून साखर ओतलीत, तीही पालथीच होती का?"

शेजारीण लल्ला झहूरच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं. अंगणातल्या कारंज्यामागची भिंत थामीनेच सजवायची, असा लल्लाचा हट्ट. चहा पिता पिता गडी रंगात आला आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "एक तुकडा जरी चुकला ना, तर हातोडा कायमचा खाली ठेवीन!"

रकियाने कपाळावर हात मारला. हातोड्यावाचून हा माणूस जगायचा नाही, आणि घरी बसून तिलाही जगू द्यायचा नाही.

ठरल्या दिवशी शेजारीपाजारी जमले. तक्ता उचलला, भिंतीला टेकवला, मागे गिलावा भरला. थामीने ओळंबा सोडून पाहिला, ओल्या फडक्याने भुकटी पुसली आणि छाती काढून वळला. "बोला! आहे का एक तरी चूक?"

कुणी बोलेना. नवरीने तोंडावर हात धरला. हिरव्या ताऱ्यांच्या ऐन मधोमध एक निळा तारा बसला होता. गप्प बसण्याला वाहवा समजून थामी त्याच्यावरूनच पुन्हा फडकं फिरवत राहिला.

रकियाने कितीतरी टोमणे आजच्यासाठी राखून ठेवले होते. त्यातला एकही तिच्या तोंडाशी आला नाही. ती पुढे झाली आणि तिने त्याचं बोट धरून ताऱ्यावर ठेवलं. "अहो, हा निळा आहे."

तो इतका वाकला की नाक टाइलला टेकलं. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "रकिया, मला हिरवा-निळा कळेनासा झालाय गं."

"मग त्यात रडण्यासारखं काय आहे?" लल्ला झहूर म्हणाली. "मालेम, हातोडा ठेवायचा तर माझी भिंत पुरी झाल्यावर ठेवा. अर्धवट काम टाकून पळू देणार नाही मी!"

अंगणभर हशा पिकला. थामीलाही हसू आवरेना. तक्त्याचा गिलावा पुरता मुरला नव्हता तोवर त्याने छिन्नीने तो तारा अलगद सोडवला. आजूबाजूचा टवकासुद्धा उडू दिला नाही. रकियाने बाह्या सारल्या, टोपलीतून एकेक तारा उजेडात धरून पाहिला आणि हवा तो त्याच्या तळहातावर ठेवला.

थामीने तो खाचेत बसवला. हातोड्याच्या दांड्याने ठोकायला हात उचलला, आणि थांबला.

"हिरवाच आहे ना?"

"हिरवागार," रकिया म्हणाली. "ठोका."