काळ्या मटणासोबत लाल वाइन

दुकानातली सर्वांत स्वस्त लाल वाइन आम्ही रविवारी दुपारी स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो. पहिल्या घोटाला बायको म्हणाली, "अहो, ही आंबलीय!" मग तिने स्वतः रांधलेल्या काळ्या मसाल्याच्या मटणाचा घास घेतला, त्यावर पुन्हा घोट. "आता बरी लागतेय की." खरंच लागत होती. मसाल्याचा जाळ आणि वाइनचा तुरटपणा एकमेकांना सांभाळून घेत होते. इतकी वर्षं मी हे दोन्ही एकत्र चाखलंच नव्हतं.

वाइन मला नवी नाही. ऑफिसातले आम्ही चौघं महिन्यातून एकदा साहेबांच्या घरी वाइन प्यायला जमायचो. ही दर वेळी सगळ्यांसाठी मटणाचा डबा द्यायची. त्या लोकांपुढे गावाकडचा काळा रस्सा उघडायची मला लाज वाटायची. डबा मी फाटकावरच्या वॉचमनला द्यायचो आणि घरी सांगायचो, सगळे बोटं चाटत होते.

त्या दुपारी ते सांगून टाकलं. नळी चोखता चोखता ती थांबली.

"म्हणजे डबा घासून तो वॉचमन द्यायचा होय? मला वाटायचं, साहेबांची बायको." मग नळी ताटात ठेवत, "त्याला आवडायचं का?"

मी कधी विचारलंच नव्हतं.