चाकूरचं कुलूप

आमच्या चाकूरच्या आत्याला सही करायची भारी हौस होती. गिरणीत दळणाला आलेल्या बाया बचत गटाचा कागद पुढे करत, कुणाची तरी मुलगी शाळेचं प्रगतिपुस्तक घेऊन येई, आणि आत्या हातावरचं पीठ पदराला पुसून, जीभ दातात धरून, सावकाश पूर्ण नाव लिही. एकाच कागदावर तिनं मरेपर्यंत सही केली नाही. तो हक्कसोडीचा कागद होता, आणि त्यापायीच माझे बाबा आणि थोरले काका तिला 'चाकूरचं कुलूप' म्हणत.

रान आजोबांचं, कंधारजवळ, रस्त्याला लागून. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवा, म्हणून लोकांनी त्यांच्या खूप विनवण्या केल्या. ते म्हणायचे, "तिघं बी माझेच. एकाचं नाव घेतलं की दोघं तोंड फिरवत्याल." तेव्हा सगळ्यांना हे बोलणं फार मोठं वाटलं होतं. ते गेले, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, आणि विहिरीच्या पाण्यावरून दोघं भाऊ हमरीतुमरीवर आले. एका गल्लीत राहून बोलेनासे झाले. आत्याच्या सहीशिवाय वाटणी होत नव्हती, आणि मोठ्या बहिणीला कोर्टात ओढायची मात्र दोघांनाही लाज वाटत होती.

आत्याचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पिठाच्या गिरणीवर तिनं संसार ओढला. सगळं आयुष्य त्या घरघरीत गेल्यामुळे गिरणी बंद असतानाही ती ओरडूनच बोले. भावांनी सहीचा विषय काढला की तेवढ्याच मोठ्यानं सांगे, "पंचमीला या. दोघं मिळून या. एकटा आला तर उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई."

नागपंचमीला आमच्याकडे माहेरचा माणूस लेकीला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. आजोबांच्या माघारी आत्याकडे मुराळी गेलाच नव्हता. आता कागदाच्या निमित्तानं दोन दोन मुराळी एकाच गाडीनं जाऊ लागले. लहानपणी मीही बाबांबरोबर जाई. काका ड्रायव्हरच्या मागे बसत, बाबा पार शेवटच्या बाकावर, आणि मी कुणाकडे बघून हसावं या विवंचनेत मधेच कुठेतरी.

आत्या दोघांना एकाच सतरंजीवर बसवी आणि वाफाळत्या पुरणाच्या दिंडांवर तुपाची धार धरी. जेवणं झाली की काका खिशातून कागद काढत. आत्या कपाळाला हात लावे.

"आज पंचमी! आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, रानात नांगर घालायचा न्हाई. आन् तुमी बापाचं रान कापायला आलाव व्हय?"

"आक्का, तूच म्हनलीस नं पंचमीला या!" काका चिडत.

"जेवायला या म्हनले. कागदाचं पुढच्या पंचमीला बघू."

दरवर्षी हेच. दोघं तणतणत निघत. पण परतीच्या गाडीत मात्र शेजारी बसत, कारण त्या दिवशी दोघांचा राग एकाच माणसावर असे. बाबा आत्याला नावं ठेवत, काका मान डोलावत. अहमदपूर मागे पडलं की काका आत्यानं दिलेल्या लाह्यांची पुडी सोडून बाबांपुढे धरत. कंधारला उतरून पुन्हा दोघं दोन वाटांनी जात. वर्षातून तेवढाच वेळ माझ्या बाबांना भाऊ होता.

तिच्या हट्टापायी नुकसान झालं, हेही खरं. रस्त्याकडेचा तुकडा विकून काकांना मुलाला दुकान काढून द्यायचं होतं, ते राहून गेलं. म्हणून कॉलेजात असताना मी तिला सरळ विचारलं, "आत्या, तुला हवंय का ते रान?"

तिनं बटण दाबून गिरणी थांबवली. "मला काय करायचं रान? ह्या शेजारच्या जनाबाईनं भावायला सही दिली. लई मोठ्या मनाची म्हनले समदे. तवापासून तिच्या दारात मुराळी न्हाई. पंचमीला उंबऱ्यावर बसून ऱ्हाती बिचारी." मग जो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, अशा हळू आवाजात ती म्हणाली, "आन् माझी सही झाली की हे दोघं एकमेकायचं तोंड तरी बघत्याल का गं?"

एका उन्हाळ्यात ती गिरणीतच, बसल्या जागी गेली. पोरबाळ नसल्यामुळे बापाकडून आलेला तिचा हिस्सा भावांकडेच परत आला. सही मागायला कुणी उरलंच नाही. तिचं दिवसकार्य झालं आणि लगेच मोजणी आली, रानाच्या मधोमध दगड रोवले गेले.

त्या पंचमीला मी नांदेडहून माहेरी आले होते. बाबांनी सकाळीच आंघोळ करून पांढरा सदरा घातला आणि कुणाशी न बोलता बाहेर पडले. त्यांचा मोबाइल घरीच राहिला म्हणून मी मागोमाग गेले. बाबा स्टँडवर उभे होते. थोड्या अंतरावर काकाही होते, धुतलेल्या कपड्यांत, बगलेत पिशवी. दोघांनी एकमेकांना पाहिलं. अहमदपूरवरून चाकूरला जाणारी गाडी लागली, भरली, सुटली. दोघांपैकी कुणीच चढलं नाही. मग काका एका वाटेनं गेले, बाबा दुसऱ्या. तो स्टँड अजून माझा पिच्छा सोडत नाही. पंचमी आली की ते दोघं मला तिथं उभे दिसतात, आणि गाडी सुटलेली असते.

मागच्या वर्षी बाबा गेले. काका आले, लांब उभे राहिले आणि निघून गेले. बाबांनीही कुणाच्या नावानं काही लिहून ठेवलं नव्हतं; आम्हा बहीणभावांबद्दल तेही आजोबांसारखंच म्हणायचे, "दोघं बी माझेच." तेराव्यानंतर पुण्याला गेलेल्या माझ्या भावाचा एकदाही फोन नव्हता. परवा त्याचा फोन आला.

"ताई, तुझी एक सही लागत होती. कागद कुरियरनं पाठवतो. तू फक्त सही करून..."

मला त्या रानातलं ढेकूळसुद्धा नको आहे. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"पंचमीला ये," मी म्हणाले. "आधी जेवायला ये. मग बघू."

तो म्हणाला, "ताई, तू इतकं ओरडून का बोलतेस?"