खडूची खूण

बाबांनी दुसरं इंजेक्शन घ्यायला नकार दिला, तेव्हा ते छत्तीसगडात, भिलाईजवळच्या उतईतल्या आमच्या ओसरीत बसून ओल्या पंच्याने मान पुसत होते. बाहेर थंडी होती, पण पहिल्या इंजेक्शनपासून त्यांच्या अंगात मधूनच आग पेटायची. प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या हाडात उतरला होता. पुरुषी हार्मोन बंद ठेवणारी ही सुई चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पहिल्या सुईनेच कंबर दुखायची थांबली.

"दुखणं गेलं, मंग सुई कावून?" बाबा म्हणाले.

भिलाईहून काका आले होते. बाबांचे धाकटे भाऊ, बाबा होते त्याच स्टील प्लांटमध्ये नोकरी. त्यांनी खिशातून पुडी काढली. "बरोबर आहे. सुया घेऊन घेऊन तुमी बाई होऊन जासान, भाऊ! हे घ्या. मर्दानी ताकत वापस येते."

आई आतून ओरडली, "पोरीसमोर कायले बोलता हे सारं?"

"पोरीनंच तर रिपोर्ट वाचला," मी म्हणाले.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. उतईच्या हिंदी शाळेत शिकले, पुढे बायोटेक्नॉलॉजी केलं. नाइट शिफ्ट करून आलेले बाबा परीक्षेच्या दिवशी न झोपता मला सायकलवर स्टँडपर्यंत सोडायचे. त्या शिक्षणात मी हाच आजार वाचला होता, पण हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी आम्ही फक्त घरात बोलतो, आणि घरात या अवयवाला शब्दच नव्हता. काका गेल्यावर मी बाबांसमोर बसले, तेव्हा माझेच कान तापले होते. पण लाजण्यासाठी त्यांनी मला शिकवलं नव्हतं.

"बाबा, स्क्रॅप यार्डात खडूची खूण कोण करायचं?"

"मीच. ज्याच्यावर खूण, तो तुकडा भट्टीत."

"पेशीतही तसंच असते. काम संपलेल्या प्रोटीनवर खूण लागते, मग त्याचे तुकडे होतात. हार्मोन झेलणारं एक प्रोटीन आहे. हार्मोन मिळालं की ते पेशीला वाढायचा हुकूम देते. त्याच्यावरही वेळेवर खूण लागायला पाहिजे. पण कॅन्सरच्या पेशीत कधी कधी लागतच नाही."

"मंग माल साचन ना."

"साचतेच. मग थोडंसं हार्मोन मिळालं तरी वाढ चालू."

बाबा पंचा पिळत राहिले. "म्हणजे खडूवाला सुट्टीवर, अन् गेट उघडं."

"खडूवाल्याले आपण आज बोलावू शकत नाही. हार्मोन आत येते ते गेट बंद ठेवू शकतो. ते सुई करते. दुखणं थांबलं, कारण गेट बंद आहे."

"अन् हे पुडी?"

"तिच्यात काय आहे, मले माहीत नाही. ताकतीच्या नावाखाली हार्मोनच असलं तर आपणच गेट उघडून राहिलो."

सुईने आजार मुळापासून जाईल, असं मी सांगितलं नाही. खोटं बोलून हो म्हणवून घ्यायचं नव्हतं. बाबाही हो म्हणाले नाहीत. पुडी मात्र कोनाड्यात तशीच राहिली.

रविवारी आम्ही भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या बुद्धविहारात गेलो. वंदना संपली, चहा फिरला, आणि काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय भाऊ, आली का ताकत?" दोघं-तिघं हसले. नेमकी तेव्हाच बाबांच्या अंगात आग उठली. एरवी ते उठून बाहेर गेले असते. त्या दिवशी त्यांनी तिथेच स्वेटर उतरवला.

"पुडी नाही घेतली. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे मले, अन् उद्या सुई घेऊन राहिलो," ते म्हणाले. शर्ट पाठीला चिकटला होता. "सारी जिंदगी भट्टीसमोर घाम गाळला तं मर्द, अन् इथं घाम आला तं बाई? हे कोन्त्या गावचं म्हणायचं? अन् बाई झालो तरी काय बिघडलं? घरातलं सगळ्यात शिकेल माणूस माही पोरगी आहे."

कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सने पडदा ओढला आणि मला म्हणाली, "मैडम, आप बाहर बैठिए."

बाबांनी शर्ट पोटावरून वर घेतला होता. "रहने दो," ते म्हणाले, "इसको सब मालूम है."

मी पडद्याच्या आतच उभी राहिले.