क्लेम रडॉकचे बूट

क्लेम रडॉकला आयुष्यातले पहिले नवे कोरे बूट लष्कराने दिले. तोवर तो थोरल्या भावांनी टाकलेले घालत आला होता, आणि भाऊ बरेच असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोचेतो त्यांना बूट म्हणायचे ते केवळ सवयीने. बाप रेल्वेत गँगमन. क्वीन्सलँडच्या आतल्या भागात रुळांच्या कडेला तंबू ठोकायचा, काम संपले की पुढच्या मैलावर हलवायचा. क्लेमने शाळा लवकरच सोडली. सशांना सापळे लावून कातडी विकली, कुंपणाचे खांब पुरले, आणि विशीत सैन्यात गेला. देशाचे प्रेम वगैरे काही नव्हते.

“रोज मटण आणि पायात बूट,” तो म्हणायचा. “एवढ्यावर मी कुणाच्याही बाजूने लढलो असतो.”

त्याला कोरियाला पाठवले. तिथल्या हिवाळ्यात एका टेकडीच्या उतारावर मांडीत गोळी लागून तो रात्रभर बर्फात पडून राहिला. आजूबाजूला सगळे मेलेले. पहाटे त्याच्याच तुकडीतला, त्याच्याच गावचा मर्व टूही नावाचा जवान तिथे आला. मर्वचे बूट फाटले होते. त्याने क्लेमचे बूट ओढून काढले, स्वतःच्या पायांत चढवले आणि निघून गेला. स्ट्रेचर आले ते दुपारी. तोवर क्लेमच्या पायांची बोटे काळी पडली होती. इस्पितळात ती सगळी कापली. वर सरकारी बूट हरवले म्हणून पगारातून किंमत वळती करून घेतली.

बोटे नसलेला माणूस टाचांवर चालतो, बदकासारखा. ऊसतोडीला मुकादम त्याला उभा करेना. मग त्याने गावातल्या संडासांच्या बादल्या वाहिल्या. पोरे मागून “अत्तरवाला आला रे” म्हणून ओरडायची. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या तळावर तो स्वयंपाकी झाला. तिथल्या लोकांनी त्याचा रस्सा कुत्र्यापुढे ठेवला, कुत्रा वास घेऊन निघून गेला, आणि ही गोष्ट तालुकाभर झाली. शेवटी कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर सुरी धरून त्याने उरलेली नोकरी काढली. मधे डोरीशी लग्न केले. पिऊन आला की तिला मारायचा, पुढे मुलालाही मारू लागला. एक दिवस ती मुलाला घेऊन बसमध्ये बसली आणि खिडकीतून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडली, “पायाची बोटं गेली तुझी, हाताची का नाही गेली रे!”

मुलगा पुन्हा आला नाही. क्लेमनेही त्याचे नाव काढले नाही. त्याच्या डोक्यात एकच विषय होता. मर्वला तेव्हा कळले होते की नाही? आपण जिवंत आहोत हे दिसत असताना त्याने बूट काढले, की मेलेला समजून? मर्वने ते स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे होते. बाकी आयुष्याकडून त्याचे काही मागणे नव्हते.

मी इथल्या माजी सैनिकांच्या क्लबचे हिशेब बघतो, त्यामुळे क्लेम आणि मर्वची ही जुगलबंदी मी वर्षानुवर्षे ऐकली आहे. पंचवीस एप्रिलला, ॲन्झॅक दिवशी, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनी, पहाटेची मानवंदना झाली की आमच्याकडे दुधात रम घालून न्याहारी होते. सगळे पेले भरले की क्लेम टेबलावर मूठ आपटायचा.

“मर्व, मी जिवंत होतो. मी म्हणालो, ‘मर्व, थंडी वाजतेय.’ तू ऐकलंस.”

“मेलेला दिसत होतास, क्लेम. अजूनही दिसतोस.”

सगळे हसायचे. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता असे लोक मुद्दाम पुढच्या खुर्च्या धरायचे.

क्लबच्या काचेच्या कपाटात रमची एक बाटली होती. कोरियाहून परतलेल्या गावच्या मुलांनी ती ठेवली होती. अट एकच: सगळ्यांत शेवटी जो उरेल त्याने ती फोडायची. एकेक जण गेला. उरले क्लेम आणि मर्व, दोघेही पंचाऐंशीच्या घरात, आणि गावात वृद्धाश्रम एकच असल्यामुळे शेजारशेजारच्या खोल्यांत. मर्वच्या घशात कर्करोग होता. पातळ काही गिळता येत नसे. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेले, चमच्याने.

मे महिन्यात मर्वने मला बोलावून घेतले. क्लेम समोर वॉकरला टेकून उभा होता.

“ह्याला सांग,” मर्व घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मी आधी मरणार. म्हणजे बाटली ह्याची. ती मला आत्ता दे म्हणावं. मग बुटांचं काय ते सांगतो. खरं.”

“आधी सांग,” क्लेम म्हणाला.

“आधी रम.”

क्लेमने वॉकर माझ्याकडे वळवला. मग मला म्हणाला, “आण.”

नियम आता त्या दोघांपुरताच उरला होता आणि दोघेही राजी होते, म्हणून मी कपाट उघडले. वृद्धाश्रमात लुपे नावाची, टोंगा बेटांवरून आलेली एक बाई मर्वची देखभाल करायची. तिने रममध्ये पावडर कालवली. रमचा चिकट तपकिरी गोळा झाला. “मुरंबा झाला हो, मर्व आजोबा,” ती म्हणाली. त्याने चमचा चमचा करून दिवसभरात तो सगळा संपवला. क्लेम जेवायलासुद्धा उठला नाही.

बाटली रिकामी झाल्यावर मर्व म्हणाला, “तू म्हणालास, ‘मर्व, थंडी वाजतेय.’ ऐकलं मी.”

“मग?”

“मग काय? बूट माझ्या मापाचे होते.”

क्लेम हसला. मी त्याला हसताना पाहिलेले ते पहिल्यांदाच. मला म्हणाला, “ऐकलंस ना? साक्षीदार आहेस तू.” त्या रात्री तो झोपेची गोळी न घेता झोपला, असे लुपेने सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे होतो, मर्वच्या सांगण्यावरूनच. न्याहारीच्या खोलीत सगळे जमले होते. मर्वने चमच्याने टेबल वाजवले.

“मंडळी, काल मी रम खाल्ली. रमसाठी मी क्लेमची आई आहे असंही म्हटलं असतं!”

खोली खदखदली. क्लेमने टोस्ट खाली ठेवला.

“काल सांगितलंस ते?”

“ते वाक्य तू दरसाल सगळ्या गावाला ऐकवतोस. मी तुझंच तुला परत केलं.”

“खरं काय ते सांग, मर्व.”

“बाटली संपली, क्लेम.”

त्यानंतर क्लेम कुणाशी बोलेना. जुलैत कडक थंडी पडली, सकाळी हिरवळ गोठलेल्या दवाने पांढरी व्हायची. मर्वला अधूनमधून शुद्ध असायची. त्याचे पाय गार पडायचे म्हणून लुपेने त्याला मेंढीच्या कातड्याचे लोकरी बूट घातले होते. अंत्यविधीच्या झेंड्याचे आणि बिगुलवाल्याचे विचारायला मी एका सकाळी गेलो.

खोलीच्या दारात मी थांबलो. क्लेम पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. मर्वचा एक बूट जमिनीवर पडला होता. उघडा पाय काडीसारखा, नखे निळी. मर्वचे डोळे उघडे होते. तो क्लेमकडे बघत होता.

“क्लेम,” तो म्हणाला. अगदी बारीक, पण मला दारात ऐकू आले. “गार लागतंय रे.”

क्लेमने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. नीट, खाली वाकून, डोळ्यांत डोळे घालून पाहिले. मग दुसरा बूट धरला आणि ओढून काढला.

लुपे माझ्या बाजूने धावत आत गेली. “आजोबा! हे काय करताय?”

“मला वाटलं, मेलाय,” क्लेम म्हणाला.

तिने त्याच्या हातातून बूट हिसकावले, मर्वच्या पायांत घातले, वर ब्लँकेट गुंडाळले. “लाज नाही वाटत? मरतोय बिचारा!” क्लेम वॉकर ढकलत बाहेर आला. मर्व त्याच संध्याकाळी गेला.

पण ते नंतर. तेव्हा व्हरांड्यात क्लेम माझ्याजवळ थांबला. त्याला धाप लागली होती, आणि चेहरा मात्र कोडे सुटलेल्या माणसाचा होता.

“मर्वला तेव्हा माहीत होतं,” तो म्हणाला. “चूक होऊच शकत नाही रे. माणूस जिवंत आहे ते चेहऱ्यावर दिसतं.”

मग आत लुपेला हाक मारून त्याने विचारले, आज जेवायला काय आहे.